आमचा खांब कापला
सकाळी तळ्याकाठी वसंताच्या सणाला गावोगाव उभारतात तो आमचा मे महिन्याचा खांब आडवा पडला होता, शेंड्याच्या रंगीत फिती चिखलात. शहर सोडून इथे संसार मांडलेली नातसून रादका रडू लागली. “टेकडीपलीकडच्या हूरका गावच्यांनी कापला, आजी. आम्ही परत जातो शहरात.” मी फिती उचलून झटकल्या. शेजारगावचा खांब कापायचा खेळ इथे पिढ्यानपिढ्यांचा. पण सरकारने बांध नांगरून सगळ्यांची शेतं एक केली, शाळेला कुलूप लागलं, पोरं गेली, तेव्हापासून आमच्या खांबाला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मेलेल्या गावाचा खांब कोण कापतो? “डोळे पूस, वेडाबाई. एवढ्या वर्षांनी त्या आळशांना टेकडी चढावीशी वाटली. तू आलीस म्हणून. त्यांचा खांब अजून उभा असेल ना?” रादका थबकली, मग गोठ्याकडे गेली. परतली ती दोघींनी ओढायची करवत घेऊन; एक मूठ तिने माझ्यापुढे धरली.