सूचना-वही

"शंका असतील तर विचारा," मी म्हणाले. पॉलिटेक्निकच्या हॉलमधली पोरं एव्हाना चहाकडे निघालीही होती.

वेबसाइट बांधायचा फुकट, खुला सांगाडा, म्हणजे कुणालाही वापरता येईल असा तयार कोड, मी तीन वर्षांपूर्वी नेटवर टाकला. तेव्हापासून गावोगाव सांगत फिरतेय: वापरा, चुका सापडल्या तर कळवा. नेटवरच्या तक्रारींच्या पानावर आजवर एक ओळ आली नव्हती. म्हणजे कुणी वापरतच नव्हतं. हे भाषण शेवटचं, असं मी ठरवूनच आले होते.

मागच्या रांगेतले एक गृहस्थ तणतणत टेबलाशी आले. "मॅडम, मी तालुका वाचनालयाचा ग्रंथपाल. तुमच्या सांगाड्यावर आमच्या अकरा वाचनालयांच्या वेबसाइट चालतात. पण पुस्तकाचं नाव लांब असलं की अर्धंच दिसतं! दोन वर्षं लिहितोय आम्ही, कुणी दखल घेईल तर शपथ!"

"कुठे लिहिताय?"

त्यांनी पिशवीतून सूचना-वही काढून टेबलावर आपटली. वाचनालयाच्या दारात दोरीने टांगलेली असते ना, तसली. आत अकरा गावांची अक्षरं, त्रेसष्ट तक्रारी, प्रत्येकीखाली तारीख आणि सही. 'केलेली कार्यवाही' हा रकाना तेवढा पहिल्या पानापासून कोरा.

मला हसू फुटलं आणि डोळेही भरले. खांद्यावरची बॅग खाली ठेवून मी खुर्ची ओढली.

ते एकदम वरमले. "रागावू नका हं. फक्त हा सांगाडा बंद नका करू."

"पेन आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं आणि पहिल्या तक्रारीसमोरच्या रकान्यात आजची तारीख घातली.