वॉर्डबदल

केरळातल्या पाला गावच्या आमच्या इस्पितळात लिन्सी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून लागली. सुई टोचली तरी पोरं तिलाच बिलगायची. वर्ष झालं नाही तोच माझी शाळासोबतीण एलियम्मा आपल्या मुलासाठी तिचं स्थळ बघायला आली.

“अगं त्रेसा, तू इथली मेट्रन ना? तिला आयसीयूत टाक. आयर्लंडला आयसीयूवाल्या नर्सनाच बोलावतात. पोरं काय, कुणीही सांभाळतं! वॉर्ड बदलला तरच लग्न.”

लिन्सी डोळे पुसत आयसीयूत गेली; पुढे लग्न होऊन आयर्लंडलाही.

परवा एलियम्माचा आयर्लंडहून फोन आला. “त्रेसा, सून ड्यूटीवर, मुलगा कामावर. ही जुळी नातवंडं सकाळपासून किंचाळतायत, मला आवरत नाहीत गं. काय करू?”


मी म्हटलं, “वॉर्ड बदलून घे की!”