मागचा जबाब

सुदानहून जीव वाचवून ग्रीसच्या सामोस बेटावर आलेल्या कलतूमाला फक्त झगावा भाषा यायची. आश्रयाच्या मुलाखतीला दुभाषा मिळाला तो अरबीचा. "नवऱ्याला विहिरीपाशी गोळी घातली," ती म्हणाली. त्याला विहीर तेवढी कळली. नवरा विहिरीत पडून गेला, असं त्याने मुलाखत घेणाऱ्या अधिकारी मॅडमना सांगून टाकलं.

वकिलाने भांडून फेरमुलाखत मिळवली. या वेळची दुभाषी, सलमा, कलतूमाच्याच मुलखातली होती.

"सगळं सांग गं बाई, घाई नाही."

कलतूमा पहिल्यांदाच पोटभर बोलली. नवऱ्याचं नाव घेताना अडली, पाणी प्यायली, पुन्हा बोलली. सलमाने शब्द न् शब्द पोचवला.

मॅडमनी मन लावून ऐकलं.

"वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण हे मागच्या जबाबाशी जुळत नाही. अर्ज नामंजूर."