घटावरची ट्यूबलाइट

बायका यायच्या आत जुईने ती ट्यूब काढून टाकावी, असं मधुमतीबाईंना सकाळपासून वाटत होतं. घटाच्या डोक्यावर जेमतेम वीतभर अंतर सोडून, साखळ्यांनी टांगलेली पांढरी ट्यूबलाइट. देवघरात कसली ही शोभा!

"काढ ना गं आता. अष्टमी आहे, मंडळाच्या बायका हळदीकुंकवाला येतील."

"नहीं मम्मी, अभी नहीं," जुई म्हणाली. लखनौत जन्मलेली पोर. आईचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं. "अभी ये बच्चे हैं. इनको पास से सफ़ेद रोशनी चाहिए. नहीं तो रोशनी ढूँढते-ढूँढते ही लंबे-पतले हो जाएँगे."

"मग तो पिवळा बल्ब तरी लाव. त्या कोपऱ्यात लावलायस तसा. कोंबांना जरा सोन्याचा रंग येईल."

जुई खुदकन हसली. "वो फूल आने के टाइम लगता है. और रंग बल्ब से नहीं आता, मम्मी."

कोपऱ्यात पिटुनियाच्या कुंड्यांना कळ्या धरल्या होत्या आणि त्यांच्यावर ट्यूबच्या जोडीला पिवळा बल्ब जळत होता. तळमजल्यावरच्या या घरात ऊन कधी डोकावलंच नव्हतं. तरी बॉटनी शिकणाऱ्या या पोरीने अर्ध्या देवघराची बाग करून टाकली होती.

बाग असू दे, पण घट! दसऱ्याच्या कार्यक्रमात मराठी मंडळातल्या पुरुषांच्या टोपीत खोचायचे तुरे एकाच घरच्या घटातून जात, आणि ते घर वर्षानुवर्षं मधुमतीबाईंचं होतं. दीड वीत उंच, हळदीसारखे पिवळे कोंब. त्यांना जपायला नऊ दिवस पंखा बंद, आणि पाचव्या माळेपासून लाल दोऱ्याचे वेढे, म्हणजे कोंब आडवे पडत नाहीत. यंदा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मलिहाबादच्या आमराईतल्या मातीत जुईने गहू पेरला होता. तो चार बोटांच्या वर गेलेला नव्हता, आणि पिवळा कसला, शेतातल्यासारखा हिरवागार! दोऱ्याचं रीळ तबकात नुसतंच पडून होतं. एवढ्याशा कोंबांना बांधायचं तरी काय?

दुपारी बायका आल्या. पदराने वारा घेत सगळ्या सतरंजीवर टेकल्या. नंदावहिनी मंडळात सगळ्यांत थोरल्या, तुरे कुठून न्यायचे ते त्याच ठरवत. त्यांनी चष्मा वर सारला आणि घटापाशी वाकल्या.

"अगं बाई! मधुमती, यंदा घट खुंटला की गं!"

नंदावहिनींनी बोटं आडवी धरून कोंबांची उंची मोजली.

"आमचा मात्र छान वाढलाय. मग यंदा तुरे आमच्याकडूनच नेऊ. चालेल ना?"

मधुमतीबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. 'हात मोडला म्हणून पोरीने पेरलं हो, मी असते तर...' वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पुरावा म्हणून त्यांनी प्लास्टरचा हात उचललासुद्धा. तेवढ्यात दारात सरबताचा ट्रे घेऊन उभी असलेली जुई दिसली. तिने सगळं ऐकलं होतं. मान खाली न घालता ती आईकडे बघत होती.

हात खाली आला.

"जुईने पेरलाय," मधुमतीबाई म्हणाल्या. "आणि मला आवडलाय."

दुसरं वाक्य साफ खोटं होतं, पण म्हटलं मात्र त्यांनी ठणकावून.

जुईने ट्रे खाली ठेवला. "मौसी लोगों को गर्मी लग रही होगी," असं म्हणत ती भिंतीपाशी गेली आणि तिने पंखा लावला. हळू नाही, एकदम फुल्ल.

"अगं अगं, घट!" सगळ्या एकदम ओरडल्या. मधुमतीबाईंनी तर डाव्या हाताने रीळच उचललं. नंदादीपावर काच होती म्हणून तो वाचला. झेंडूच्या पाकळ्या उडाल्या, पदर उडाले, ट्यूब साखळ्यांवर झुलायला लागली.

गहू सळसळला. इकडून तिकडे वाकला, पुन्हा ताठ झाला. वाऱ्यावर शेत हलावं तसा हलत राहिला आणि एकही पात आडवी झाली नाही.

मधुमतीबाई बघतच राहिल्या. ऊर असा भरून आला की, मघाचं खोटं वाक्य आता पुन्हा म्हणावं, मोठ्याने म्हणावं, असं त्यांना वाटलं.

नंदावहिनी पुन्हा घटापाशी वाकल्या. बाई तोंडाच्या फटकळ, पण मनाच्या सरळ. "आमच्या ह्यांच्या टोपीतला तुरा दरवर्षी स्टेजवर पोचायच्या आत मान टाकतो," त्या म्हणाल्या. "हा नाही टाकायचा. तुरे इथूनच न्यायचे गं. दे गं पोरी, सरबत दे."

पंखा कुणीच बंद केला नाही. दरवर्षी घामाने भिजून उठणाऱ्या बायका यंदा संध्याकाळ उतरेपर्यंत गप्पा मारत बसल्या.

निघताना नंदावहिनी दारात थबकल्या आणि जरा हळू आवाजात म्हणाल्या, "मधुमती, थोडा दोरा देतेस का? आमचा घट कालपासून लवंडायला लागलाय."

मधुमतीबाईंनी तबकातलं रीळ अख्खंच त्यांच्या हातावर ठेवलं.

"राहू दे तुमच्याकडेच, वहिनी. आमच्याकडे आता नाही लागायचा."