सपाट पात्र

“बाई, या कथेतली आई सपाट पात्र आहे,” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. “तिला स्वतःची बाजूच नाही.”

बाईंनी फळा पुसता पुसता मागे पाहिलं. “कथा कोण सांगतंय? अकरा वर्षांची पोर. तिला जेवढं दिसतं, तेवढंच आपल्याला दिसणार. याला काय म्हणतात?”

“मर्यादित दृष्टिकोन,” वर्ग एका सुरात ओरडला.

कथा अभ्यासक्रमात होती आणि दुपारी खुद्द लेखिका कॉलेजात येणार होती. पोरं नुसती उतावीळ झाली होती. ‘आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते,’ अशी कथेची सुरुवात. मग ती मुलगी रोज सकाळी वेण्या घालून घ्यायला शेजारच्या काकूंकडे जाते. एक दिवस काकू कंटाळतात. मुलगी आरशासमोर एकटीच बसते. भांग वाकडा पडतो. ती तशीच शाळेत जाते, आणि कथा संपते.

“वाकडा भांग म्हणजे विस्कटलेल्या घराचं प्रतीक ना, बाई?”

“आधी तो भांग तर असू दे,” बाई म्हणाल्या. “प्रतीकाची एवढी घाई कशाला?”

“पण हे लेखिकेच्याच आयुष्यात घडलं असेल?”

“लेखिका वेगळी, निवेदिका वेगळी. पेपरात ही गल्लत केलीत, तर गुण कापीन.”

पोरं हसली. बाई पुन्हा फळ्याकडे वळल्या. फळा केव्हाच पुसून झाला होता.

दुपारी सभागृह खचाखच भरलं. लेखिका पस्तिशीची, बोलायला मोकळी. प्राचार्यांनी बाईंच्या हातून तिला पुष्पगुच्छ द्यायला लावला. “थँक्यू, मॅडम,” म्हणत तिने तो घेतला आणि बाजूच्या खुर्चीवर ठेवून दिला. बाई शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या.

प्रश्न सुरू झाले तशी सकाळचीच मुलगी उठली. “तुमच्या आईला नेमकं काय झालं होतं?”

“मला कुणी सांगितलंच नाही,” लेखिका म्हणाली. “घरात तिचं नाव निघायचं नाही. बाबांनी फोटोसुद्धा ठेवला नाही.”

“म्हणून ती कथेत इतकी पुसट आहे?”

“माझ्याजवळ तेवढीच उरली होती.”

मुलीला पुढचा प्रश्न विचारवेना. मागे बाई मान खाली घालून बसल्या होत्या.

कार्यक्रमानंतर पाहुणीला फाटकापर्यंत सोडायला बाईच गेल्या. गाडीपाशी आल्यावर बाई कशाबशा म्हणाल्या, “दर वर्षी शिकवते मी ही कथा. शेवट मात्र मुलांनाच वाचायला लावते. माझा आवाजच फुटत नाही.”

लेखिकेने गाडीचं दार उघडलं. मग दिवसभरात पहिल्यांदाच तिने बाईंकडे नीट पाहिलं.

“कथेत तुला मारावंच लागलं, आई,” ती म्हणाली. “मेलेल्या माणसाची वाट बघावी लागत नाही.”