डब्यातली सुई

शालींच्या कारखान्यात, शोधूनही सापडणार नाही असं रफू करणाऱ्या मावशींना मालकाने तडकाफडकी काढलं. कामगार न्यायालय म्हणालं, परत कामावर घ्या. मालक अपिलात गेला आणि निकालावर स्थगिती घेऊन आला.

“अपिलाचा निकाल लागेपर्यंत सुईला हात लावू नका, मावशी,” वकिलांनी बजावलं. “दुसरीकडे काम करताना दिसलात, तर केस हातची जाईल. समोरचे टपूनच बसलेत.”

मावशींनी सुई डब्यात ठेवली. लेकाच्या सदऱ्याचं बटणसुद्धा सुनेने लावलं. “कोर्टाने आमच्या सासूबाईंना राणी केलं हो!” सून थट्टा करायची. मावशी हसायच्या आणि रिकामी बोटं एकमेकांवर चोळत बसायच्या. दिवस उगवले, दिवस मावळले. तारखा पडल्या, पुढे गेल्या.

सहाव्या वर्षी वकिलांचा फोन आला. “मावशी, जिंकलो! अपील फेटाळलं. सोमवारी कामावर जायचं.”

त्याच दुपारी मावशी खिडकीशी बसल्या. कसर लागलेली एक जुनी शाल होती, तिचं भोक त्यांनी जीव ओतून भरलं. सुनेने शाल उलगडली आणि नेमकं तिथेच बोट ठेवलं.

“अगबाई! किती सुरेख रफू केलंत, आई!”

“दिसलं तुला?” मावशींनी विचारलं.

सून आत गेल्यावर त्यांनी वकिलांना फोन लावला.

“साहेब,” त्या हळूच म्हणाल्या, “मालकाला अजून वरचं कोर्ट आहे ना हो?”