आजूबाजूचं पाहून

नंदनवन वस्तीतली भाड्याची खोली जितेंद्र मेश्रामला बघताक्षणी आवडली. घरमालक देवरावांनी चावी टेबलावर ठेवली, चहा मागवला अन् काम विचारलं. जितेंद्र खुलला. "प्रथिनं न बनवणारे आरएनएचे बारीक तुकडे असतात, काका. मानवी जीनोमच्या नकाशाशी जुळवून ते मूळचे कुठले, हे मी शोधतो."

"अन् एकच तुकडा चार जागी जुळला तं?"

"मग त्याच्या आजूबाजूचं पाहा लागते."

देवरावांनी कौतुकानं मान डोलावली. "मेश्राम बी चार समाजात असतात गा. गाव कोणतं?"

"पारशिवनी."

"दसऱ्याले गावचे लोकं दीक्षाभूमीवर येत असतीन, मुक्कामाले?"

"येतात ना, दरवर्षी."

देवरावांना पत्ता लागला. त्यांनी टेबलावरची चावी उचलून खिशात टाकली.

"खोली तं कालच गेली गा. चहा घे."